आधी पाहावे, मग रंगवावे

मनःशांतीसाठी निसर्गात जावे, हा सल्ला आपण डॉक्टर मंडळी रुग्णांना सहज देतो. स्वतः मात्र क्वचितच पाळतो. या सल्ल्याला शास्त्रीय आधार आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांविषयी रॉजर उलरिच यांचा अभ्यास १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. तरीही माझ्या मते निसर्गात नुसते जाणे पुरेसे नाही. त्याच्याकडे पाहता आले पाहिजे. आणि पाहायला शिकवणारा जलरंगासारखा दुसरा गुरू नाही.

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत. कागदाचा कोरेपणा हाच प्रकाश. त्यामुळे कुंचला टेकवण्यापूर्वीच उजेड कोठे राखायचा, हे ठरवावे लागते. पहिला थर ओला असताना दुसरा दिला तर रंग एकमेकांत मिसळतात. वाळू दिला तर कडा स्पष्ट उमटते. थांबायचे केव्हा आणि त्वरा करायची केव्हा, हे पाणी सांगते. दिवसभर निर्णय घेऊन थकलेल्या मनाला पाण्याचे हे ऐकणेच विसावा देते.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांना कोटितीर्थाचा परिसर चित्रांसाठी पुरला. आपणा बऱ्हाणपूरकरांनाही दूर जाण्याचे कारण नाही. सूर्यकन्या तापी दाराशी आहे. राजघाट, शाही किल्ल्याचा तट, पैलतीरीचे जैनाबाद, गावाबाहेरच्या केळीच्या बागा आणि उत्तरेस सातपुड्यातील अशीरगड, इतके विषय एका आयुष्यास पुरेत. मोबाईलवर छायाचित्र टिपून घरी रंगवणे सोयीचे खरे. पण छायाचित्रात सावली बहुधा काळी होऊन बसते. डोळ्यांना त्याच सावलीत निळा, जांभळा, तांबूस असे कितीतरी रंग दिसतात.

नवशिका पाणी निळे रंगवतो, कारण पाणी निळे असते हे त्याला ‘ठाऊक’ असते. तापी मात्र पावसाळ्यात गढूळ तांबडी असते आणि एरवी तटाचा, आकाशाचा रंग अंगावर घेते. ठाऊक असलेले बाजूला ठेवून दिसते ते पाहणे, हीच चित्रकाराची साधना. आपल्या शास्त्रातही रुग्णतपासणीची पहिली पायरी निरीक्षण हीच आहे. आज अहवाल आधी पाहिला जातो, चेहरा नंतर. ‘डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलेच नाही’ ही तक्रार आपल्या सर्वांच्या कानांवर येते.

म्हणून सुचवावेसे वाटते की, आपल्या मंडळाने महिन्यातील एका रविवारी सकाळी सहकुटुंब घाटावर जमावे. स्पर्धा नको, परीक्षक नकोत, प्रदर्शनही नको. कागद, चार रंग आणि नदीचे पाणी पुरे. चित्रे साधतील वा फसतील. पण सोमवारी समोर बसलेल्या रुग्णाच्या चेहऱ्याकडे आपली दृष्टी क्षणभर अधिक स्थिरावली, तरी ती सकाळ सार्थकी लागली असे समजावे.