इकारसला सोडा आता

यंदाच्या गणपतीत नाट्याला आमच्या घरी चक्क ग्रीक पुराण अवतरलं. आरती झाली, प्रसाद झाला, भजनाची मंडळी पुढच्या घरी गेली आणि पडवीत आम्ही घरचेच उरलो. भाचा खांबाला टेकून बसला होता. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्याचे चार विषय राहिलेत. ही बातमी त्याच्या आधीच गावात पोचली होती.

तात्यांनी घसा खाकरला. (तात्या म्हणजे माझे चुलते, निवृत्त मास्तर. निवृत्त फक्त कागदोपत्री.) डेडलस नावाचा मोठा कारागीर, त्याचा मुलगा इकारस. दोघे क्रीट बेटावर राजाच्या कैदेत. बापाने पिसं आणि मेण घेऊन पंख केले, फार वर जाऊ नकोस म्हणून बजावलं, पोरगं गेलंच, मेण वितळलं आणि समुद्रात पडून मेलं. "बापाचं ऐकलं नाही की असं होतं," तात्या म्हणाले. भाच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. भाऊजी मान डोलवत होते. मी गप्प बसलो, सणाचं घर होतं. तेव्हा बोललो नाही ते आता इथे लिहितोय, निम्मं घर हे वाचतं हे ठाऊक असूनही.

तात्या, गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत.

ओव्हिड नावाच्या रोमन कवीने दोन हजार वर्षांपूर्वी 'मेटामॉर्फोसेस'च्या आठव्या भागात ही गोष्ट सांगितली आहे. आपल्याकडे शाळेत पोचली ती बहुतेक त्याचीच. त्यात बाप पंख बांधत असताना मुलगा शेजारी खेळतोय. उडालेली पिसं पकडतोय, मेण अंगठ्याने मऊ करतोय. ते पंख त्याने मागितलेले नाहीत. कैद झाली ती बापाच्या भानगडींमुळे, पळायची कल्पना बापाची, मेणही बापानेच निवडलेलं. आणि उडताना बाप पुढे आणि पोरगा मागे. बाप मधूनमधून वळून बघतो, बस.

बरं, पोरगा पडल्यावर बाप काय करतो? ओरडून हाका मारतो. मग लाटांवर पिसं दिसतात. तेव्हा तो शाप देतो तो स्वतःच्या कारागिरीला! "ऐकलं नाहीस ना" हे वाक्य तिथे कुठेही नाही. व्हर्जिलने तर पुढचंही सांगितलंय. डेडलसने नंतर इटलीत क्युमीच्या देवळाच्या दारावर आपली सगळी कहाणी कोरली. मुलाचं पडणं कोरायला त्याने दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा त्याचे हात गळून पडले. ती जागा रिकामीच राहिली. म्हणजे ज्याचा मुलगा गेला त्याने मुलाला बोल लावला नाही, आणि आपण नाट्याच्या पडवीत बसून लावतोय.

(मास्तरांसाठी एक आगाऊपणा: मधमाशीचं मेण वितळायला साधारण ६२ ते ६४ अंश लागतात. आणि वर जावं तशी हवा गार होते, दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी. तेव्हा सूर्याला फार दोष देता येत नाही.)

आता आमच्या इकारसकडे येऊ. ह्या पोराने कुठे ऐकलं नाही? दहावीनंतर सायन्स घे म्हटलं, घेतलं. क्लास लाव म्हटलं, लावला. कॉम्प्युटरलाच जा म्हटलं, गेला. लहानपणापासून दर मे महिन्यात हा मुलगा यशवंतगडाखाली खाडीवर जाऊन बसायचा. बोटीचं इंजिन खोलणाऱ्यांच्या मागे मागे करायचा आणि ग्रीसने बरबटून घरी यायचा. ते आजोळच्या सगळ्यांनी पाहिलंय. निदान मेकॅनिकलला घाला असंही कुणी म्हणालं नाही. सगळं ऐकूनच तो पडलाय.

आणि हा लेख तात्यांवर आहे असं वाटत असेल तर थांबा. अकरावी-बारावीला तो माझ्याकडे पुण्याला होता. तो क्लास मीच शोधला होता. एका रात्री जेवताना तो म्हणाला, "मामा, मला नाही वाटत हे जमेल." मी म्हटलं, सगळ्यांना सुरुवातीला असंच वाटतं. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

म्हणून ह्या डेडलसची दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. त्याच्या बहिणीने आपला बारा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे शिकायला ठेवला होता. आपल्याकडे मुंबईला मामाकडे धाडतात तसाच. पोरगा भलता हुशार. माशाचा मधला काटा बघून त्याने लोखंडाच्या पट्टीला दाते पाडले आणि करवत केली. वर्तुळ काढायचा कंपासही त्याचाच. मामाला ते सोसेना. त्याने भाच्याला अथेन्सच्या गडावरून ढकललं आणि पाय घसरून पडला म्हणून सांगितलं. अथेना देवीने मुलाला वरच्या वर झेललं आणि त्याचा तित्तिर पक्षी केला. तो पक्षी अजून उंच उडत नाही, त्याला जुनं पडणं आठवतं म्हणे. डेडलस इकारसला पुरत होता तेव्हा चिखलातून हाच तित्तिर पंख फडफडवून आनंदाने ओरडत होता. आपला कंस काय वाईट होता त्याच्यापुढे!

मुळात एवढ्या लांब ग्रीसला जायचं कारण काय? तात्या दर चातुर्मासात रामायण वाचतात. किष्किंधाकांडात संपाती आहे. तो आणि धाकटा जटायू, दोघेही सूर्याकडे झेपावले, दोघांनाही तितकीच खुमखुमी. भर दुपारी जटायू होरपळून गळायला लागला तेव्हा संपातीने वरून आपले पंख पसरून त्याला झाकलं. जटायू जनस्थानात पडला पण वाचला. (पुढे रावणाशी झुंजून तो पडला ती जागा म्हणून इगतपुरीजवळचं टाकेद दाखवतात.) संपातीचे पंख मात्र जळाले. त्यानंतर विंध्यावर त्याला खाऊ घातलं त्याच्या मुलाने, सुपार्श्वाने. एकदा उशिरा आणि रिकाम्या हाताने आला म्हणून म्हातारा त्याच्यावर भडकलाही होता. रागवायला माझी ना नाही, पण ह्या म्हाताऱ्याने आधी स्वतःचे पंख जाळले होते. आणि ते पडवीत कुणाला दाखवायला नव्हे.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाच दिवसांच्या उपासानंतर घरात सुरमई आली. भाचा माझ्या शेजारी बसला होता. त्याच्या ताटातला काटा दाखवून मी त्याला करवतीची गोष्ट सांगितली, मामासकट, काही न गाळता. तो काटा उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "दाते एकाच बाजूला कलते आहेत बघ, म्हणून कापत असणार." भाऊजींनी जेवता जेवता वर बघितलं. बोलले काही नाहीत, पण त्यांनीही आपला काटा उचलून पाहिला.

तात्या, फोन करू नका. पुढच्या गणपतीत संपाती तुम्ही सांगा, मी टाळ धरतो.