सदाफुली अंगणात लावा, पोटात नको

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगावा! पारा ४५च्या वर चढला की विहिरी तळ गाठतात. माणसांच्या पाण्याची ओढाताण, तिथे फुलझाडाला पाणी कोण घालणार? म्हणूनच सांदवाडीत सदाफुली हवी. हातभर उंचीचे झाड, पाने बारमाही हिरवी, आणि भांडी विसळलेल्या पाण्यावरसुद्धा फुलते. पाला कडू, त्यामुळे मोकाट बकरी सहसा तोंड लावत नाही. कुंपणाचा खर्च वाचला!

हिला उन्हाचे भय नाही, भय साचलेल्या पाण्याचे. धानाच्या बांधीलगत कन्हार जमिनीत लावाल तर श्रावणात मुळे कुजून झाड बसलेच समजा. चढाच्या अंगाची बरडी जागा निवडा. ती नसेल तर वीतभर उंच वाफा करून त्यात रेती मिसळा. वळचणीची धार अंगावर पडू देऊ नका. शेणखत ओंजळभर पुरे, जास्त घातले तर नुसता पालाच माजतो.

बारीक शेंगा जोडीने येतात. त्या पिवळ्या पडल्या की फुटण्याआधी काढा. बी अंधारात रुजते, म्हणून पेरल्यावर मातीचा पातळ थर हवाच. रोपे बोटभर झाली की फूटभर अंतरावर लावा आणि शेंडा खुडा. झाड बुटके, भरगच्च होते. पावसाळा सरल्यावर लांबलेल्या फांद्या निम्म्याने छाटा.

आता जरा कान देऊन ऐका. साखरेच्या आजारावर सदाफुलीची पाने चावणारे लोक गावोगाव आहेत. जमैका बेटावरही याच आजारासाठी तिचा काढा पीत. १९५२ साली तिथली पाने कॅनडातल्या डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांनी उंदरांवर अर्क वापरून पाहिला. साखर काही उतरली नाही, उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी! त्यातूनच पुढे कर्करोगावरचे औषध हाती लागले. याच झाडातले व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात, पण दवाखान्यात, शिरेतून आणि अगदी मोजून. इतके जहाल द्रव्य ज्या पाल्यात, तो अंदाजाने मूठभर चावायचा? डॉक्टरांची गोळी सोडून कुणी पाने खात असेल तर घरातल्या बाईनेच अडवावे. गरोदर बाईने तर ती मुळीच तोंडात घालू नयेत.

छाटलेला पालाही चाऱ्यात मिसळू देऊ नका. कुटीत गेला तर जनावराला निवडून टाकता येत नाही. तो लगेच खड्ड्यात पुरा.