वजन मुलाचे की नोंदवहीचे?

समाजकल्याणाच्या कामाचे मोजमाप व्हायलाच हवे, याविषयी दुमत नाही. पण मोजायचे काय? २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. अंगणवाडीत मुलांची वजने होतात, तक्ते भरतात. चांगलेच आहे. परंतु धानकापणी आटोपल्यावर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले मूल कोणत्या तक्त्यात शोधावे? ते यादीतून गळले, की गावचे कुपोषण कागदोपत्री कमी!

वृद्धांचेही तेच. श्रावणबाळ योजनेची किती प्रकरणे मंजूर झाली ते सांगतात. त्यापायी किती खेटे पडले, ते कोण मोजतो? (माझ्या आजीला चार पडले, बसभाडे वेगळे.)

आमच्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. राज्यातील रुग्णालये तपासण्याचे आदेश त्यानंतर निघाले. मोजमाप आगीआधी का सुचू नये?

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले होते. तशाच अंगणवाडीच्या व निराधारांच्या याद्याही ग्रामसभेत मोठ्याने वाचाव्यात. कोण सुटले ते बायाबापड्या तिथल्या तिथे सांगतील.