जुनी जीटी घेताना

चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीस सुरू झालेलं फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. गाडी बंद झाली आणि तिचे भक्त वाढले. आता जुन्या पोलोच्या बाजारात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, पोलोची तडफदार आवृत्ती 'जीटी' घ्यायची तर टीएसआयच, म्हणजे १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल आणि सोबत सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. बाकीच्या जीटी नुसत्या बिल्ला लावलेल्या. दुसरा पंथ मराठवाड्यात मोठा आहे. तो म्हणतो, पेट्रोल शहरातल्या नोकरदारांनी भरावं, आपल्याला डिझेलच. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडात बसून जीटी शोधणाऱ्याच्या कानावर दोन्ही सल्ले पडतात. त्यातला पहिला साफ चुकीचा आहे. दुसरा बराचसा बरोबर आहे, पण त्याची कारणं चुकीची आहेत, आणि चुकीच्या कारणासाठी घेतलेली बरोबर गाडीही डोक्याला ताप होते.

टीएसआयच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही. १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटनमीटर टॉर्क, तोही पंधराशे आरपीएमपासून. डीएसजी गिअर बदलतो तो कळतही नाही. एकदा चालवली की माणूस व्यवहार विसरतो, आणि नेमकं तिथेच फसतो. या पंथाचा दावा असा की डीएसजीची बदनामी ही हलगर्जी मालकांची देणगी; नीट वापरला तर काही होत नाही. मग २०१३ मध्ये चीनमध्ये कंपनीला ३,८४,१८१ गाड्या याच घराण्यातल्या गिअरबॉक्ससाठी परत का बोलवाव्या लागल्या? तिथले पावणेचार लाख मालक एकाच वेळी हलगर्जी झाले होते का? त्याच वर्षाच्या शेवटी जगभरातल्या सुमारे सोळा लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्याची मोहीम निघाली, कारण उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे आतल्या वीजपुरवठ्यात बिघाड होत होता. दोष रचनेतच होता हे कंपनीने कृतीने मान्य केलं.

नंतर सुधारणा झाल्या, हे मान्य. पण क्लच कोरडाच राहिला. कोरड्या क्लचला थंड ठेवायला तेल नसतं. गाडी रांगत चालली की तो घासतो आणि तापतो. यावर उत्तर मिळतं की गंगाखेडात पुण्यासारखी ट्रॅफिक कुठे आहे? गाळप हंगामात परळी रोडला लागा. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, समोरून तसाच दुसरा, आणि तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये लटकलेले. हंगाम संपतो तोवर ऊन चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं. आणि मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे डीएसजीचा गिअर बदलणारा मेंदू, गेलं तर? ते उघडायला लागणारं स्कॅनर आणि हत्यारं गावातल्या मिस्त्रीकडे नाहीत, अधिकृत सर्व्हिस सेंटर गंगाखेडात नाही, आणि वॉरंटी कधीच संपलेली. गाडी टोइंगवर घालून मोठ्या शहरात न्यायची, मग बिलाचा आकडा ऐकायचा. जुन्या गाडीच्या किमतीत हा धोका धरलेला नसतो. तो तुम्ही स्वतः धरायचा असतो.

त्यात इथेनॉलची भर. ऊस आपला, कारखाने आपले, तेव्हा इथेनॉलला नावं ठेवण्यात मला रस नाही. उलट त्याचा ऑक्टेन जास्त असल्याने टर्बो इंजिनाला नॉकिंगच्या बाबतीत ते सोयीचंच पडतं. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच म्हटलंय की मुळात साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणावर जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतं. आठवडेच्या आठवडे दारात उभ्या राहणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलं म्हणूनच आधी तपासावीत.

आता डिझेलवाले. त्यांचा पहिला मुद्दा इंधनाच्या दराचा. डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त होतं ते दिवस सरकारी नियंत्रणाचे होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रण उठलं. आपल्याला दर चढे लागतात हे खरं. मनमाडच्या डेपोतून टँकर यायचं अंतर मोठं, त्यामुळे परभणीचं पेट्रोल राज्यात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. पण टँकरचं भाडं डिझेललाही लागतंच.

हिशेब मांडू. समजा पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९२. टीएसआयचं ॲव्हरेज १४, डिझेलच्या टीडीआयचं १८. किलोमीटरमागे साडेसात रुपये विरुद्ध पाच रुपये अकरा पैसे. महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याची वर्षाकाठी बचत सतरा हजारांच्या आसपास. ही बचत इंजेक्टरचं एक दुखणं गिळून टाकतं. महिन्याला १५०० फिरणाऱ्याची बचत मात्र ४३ हजार होते, आणि तिथे गणित खरंच उलटतं. 'डिझेल परवडतं' या वाक्याला किलोमीटरचा आकडा जोडल्याशिवाय काही अर्थ नाही.

दुसरा मुद्दा: डिझेल इंजिन दणकट, काहीही घातलं तरी चालतं. ट्रॅक्टरचं चालत असेल. कॉमन रेल इंजेक्टर दीड हजार बारच्या वर दाबाने काम करतो; शेतातल्या ड्रममध्ये महिनाभर पडलेलं, तळाशी पाणी साचलेलं डिझेल त्यात ओतणं म्हणजे दुधात मीठ टाकणं. दणकट म्हणून घेतलेल्या कितीतरी टीडीआय अशाच बसतात.

एक आक्षेप डिझेलवाले स्वतःहून कधी काढत नाहीत, म्हणून तो मीच मांडतो. हे तेच इंजिन घराणं, ज्याच्या प्रदूषण चाचणीतल्या लबाडीने २०१५ मध्ये जग हादरलं. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने आपल्याकडच्या गाड्या तपासल्या, त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलायचं जाहीर केलं, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. हा डाग धुऊन निघत नाही. घेणाऱ्याने तो माहीत ठेवूनच गाडी घ्यावी, आणि ते सॉफ्टवेअर बदललं की नाही हे चॅसिस नंबर देऊन विचारून घ्यावं.

एवढं सगळं बोलून मी जीटी टीडीआयच्याच बाजूने का? कारण तिला पायाने दाबायचा क्लच आणि पाच गिअरचा साधा मॅन्युअल बॉक्स आहे, जो कुठलाही जाणता मिस्त्री उतरवू शकतो. कारण बीएस-४ च्या या गाड्यांना काजळी गाळणारा डीपीएफ नाही, त्यामुळे जाळी तुंबण्याची कटकट नाही. आणि २५० न्यूटनमीटर टॉर्कमुळे उसाची ट्रॉली मागे टाकताना गिअर उतरवायचीही गरज पडत नाही. २०१३ च्या १.६ लिटरपेक्षा २०१४ नंतरची १.५ लिटरची घ्यावी. ती जास्त खपली, सुटे भाग सहज मिळतात. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असं धरूनच भाव पाडा.

दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांपासून मात्र लांब राहा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ पासून टांगती तलवार आहे, म्हणून त्या इकडे उतरतात. एनओसी, पासिंग, इथला कर हे सगळं धरलं की स्वस्ताई उरत नाही, आणि मीटर किती मागे फिरवलाय ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

महिन्याला हजारच्या आत फिरणाऱ्याने डिझेलचा नाद सोडावा. त्याच्यासाठी २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. ११० पीएस, १७५ न्यूटनमीटर, आणि डीएसजी नाही. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या. पोलोबाहेर बघायचं तर रांजणगावची अबार्थ पुंटो १४५ अश्वशक्तीची, देखणी आणि वेडी. पण सुट्या भागांसाठी दारोदार फिरायची हौस असेल त्यानेच तिच्या वाटेला जावं.

शेवटचं एक सांगतो. कोणतीही जीटी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावा. जुन्या टीएसआयची सैल टायमिंग चेन आणि डिझेलचा थकलेला इंजेक्टर, दोघांचीही चुगली थंड इंजिन पहिल्या काही सेकंदांत करतं. तुम्ही पोचण्याआधीच मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल, तर चहा घ्या आणि परत या.