विचारतंय कोण?

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या मावशींच्या मोबाईलमध्ये त्यांच्या भाचीने साखरेच्या आजाराचे ॲप घालून दिले. गोळी घेतली की खूण करायची, साखर तपासली की आकडा भरायचा. मावशींनी आठ दिवस हौसेने केले. मग बंद. मी विचारले तर म्हणाल्या, "अगं, सगळं इंग्रजीत येतं. तपासायच्या पट्ट्या महाग, रोज कुठून आणू? आणि मी भरलं काय, न भरलं काय, विचारतंय कोण?"

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ॲप घ्यायला लोक तयार होतात, सक्ती असली तर लगेच होतात. २ एप्रिल २०२० रोजी सरकारने 'आरोग्य सेतू' आणले. १ मेच्या आदेशाने खासगी नोकरदारांनाही ते सक्तीचे झाले. दोन महिन्यांच्या आत दहा कोटींवर लोकांनी ते घेतले. आमच्या चाळीतही कामावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे होते. आपण कुठे जातो हे कोण बघतंय, ही धास्तीही होती. साथ ओसरली तशी एकेकाने ते काढून टाकले.

क्षयाच्या औषधासाठी '९९ डॉट्स' ही पद्धत निघाली, ती मला जास्त शहाणपणाची वाटते. पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला नंबर दिसायचा. त्यावर फुकट फोन लावला की नोंद व्हायची. साधा मोबाईल पुरे. फोन आला नाही की आरोग्य कर्मचाऱ्याला कळायचे आणि तो चौकशी करू शकायचा. तरी गोळी घेऊन फोन न करणारे पुष्कळ निघाले. हाताशी फोनच नसेल तर बाई काय करणार? आपल्याकडे घरातला एक मोबाईल मुलाबरोबर ड्युटीवर जातो.

म्हणून आईच्या, सासूच्या मोबाईलमध्ये ॲप घालून देणाऱ्या मुलामुलींनो, आधी भाषा मराठी करा आणि नंतर विचारत राहा. मावशींच्या भाचीला मी हेच सांगितले. आता ती दर रविवारी रात्री फोन करते. मावशी गोळीची खूण रोज करतात, साखर मात्र रविवारीच तपासतात.

परवा त्या मोठ्या उमेदीने दवाखान्यात मोबाईल घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याकडे पाहिलेही नाही, कागद मागितला. या रविवारी भाचीला काय सांगतात, बघू.