हिरवं घ्यायचं की लाल?

फ्रिज घेताना आपल्याला विचारतात. मिक्सर, गॅसची शेगडी, सोफ्याचं कापड, लग्नाचा बस्ता, इथे तर आपलाच शब्द शेवटचा. सोनं घ्यायचं तर आपल्याशिवाय पान हलत नाही. पण घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की "आई, तुला त्यातलं काही कळत नाही" एवढ्या एका वाक्यात आपली बोळवण होते. आणि आपणही "बरं बाबा, तुमचं तुम्ही बघा" म्हणत कुकर लावायला आत जातो!

मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की तीस-पस्तीस हजारांची वस्तू घरात येणार असेल तर ती आपल्याला कळलीच पाहिजे. आणि ती कळते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, शास्त्राशी दहावीनंतर संबंध नाही. तरी गेल्या महिन्याभरात मी दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना अगदी पैठणीचे काठ बघावेत तशी उलटसुलट करून पाहिली. कारण प्रश्न आमच्या बचत गटाच्या पैशांचा होता.

झालं असं की गटातल्या एका वहिनींनी पस्तीस हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी? तर "कार्डासाठी". एकीने विचारलं, "रेशनकार्ड एवढं महाग झालं?" सगळ्या हसल्या. वहिनी बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या. मुलाला गेम खेळायला कॉम्प्युटरमध्ये बसवायचं कार्ड हवं होतं. मुलगा म्हणतो लाल कंपनीचं घ्या, दुकानदार म्हणतो हिरव्या कंपनीचंच घ्या, आणि हप्ते फेडणार वहिनी! त्यांना दोन्हींतलं काहीच ठाऊक नव्हतं.

बायकांची पहिली शंका रास्त होती. हा जुगार तर नव्हे? नव्हे. पैसे लावून खेळायचे ते ऑनलाइन खेळ वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला. त्या खेळांना असलं महागडं कार्ड लागतच नाही, ते साध्या मोबाइलवर घरं बुडवत होते. वहिनींचा मुलगा खेळतो ते गाड्यांचे, लढायांचे, गोष्टीचे खेळ. त्यांत वेळ जातो हे खरं, पण तो मुद्दा वेगळा.

आता हे कार्ड करतं काय? साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त. खेळ सुरू असताना ही सगळी रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढायची. हिशेब करा, सेकंदाला बारा कोटींच्या वर ठिपके! कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो एकट्या आचाऱ्यासारखा. पाचशे पानांची पंगत वाढायला मात्र हाताखाली माणसं लागतात. ग्राफिक्स कार्डात अशी वाढपी मंडळी हजारोंनी असतात. साधीसाधी कामं, पण सगळी एकाच वेळी.

अशी कार्डं घडवणाऱ्या मोठ्या कंपन्या मुख्यतः दोन. हिरवी ती एनव्हिडिया, १९९३ साली अमेरिकेत निघालेली. तिच्या कार्डांना १९९९ पासून जीफोर्स म्हणतात. लाल ती एएमडी. तिची कार्डं रेडिऑन नावाने येतात. हे नाव मुळात कॅनडातल्या एटीआय कंपनीचं, ती कंपनीच एएमडीने २००६ मध्ये विकत घेतली. आणि गंमत ऐका, एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू हे एकमेकांचे दूरचे नातेवाईक! दोघांचाही जन्म तैवानचा. २०१४ मध्ये सूबाईंनी सूत्रं हाती घेतली तेव्हा एएमडीची अवस्था फार नाजूक होती. त्यांनी ती वर काढली. कार्डांचा विषय "पोरांचा" आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

वहिनींच्या बजेटात बसणारी कार्डं दोन. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, मे २०२५ मध्ये आलेलं, आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, त्याच वर्षी जूनमध्ये आलेलं. अमेरिकेत पहिल्याची सुरुवातीची किंमत २९९ डॉलर. दुसरं दोन प्रकारांत मिळतं, ८ जीबी मेमरीचं २९९ ला आणि १६ जीबीचं ३४९ ला. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि मधल्यांचा नफा चढतो.

ही मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओटा ऐसपैस असेल तर सगळे डबे, पराती हाताशी राहतात. अपुरा असेल तर दर वेळी माळ्यावर चढावं लागतं, तोवर फोडणी करपते. नव्या खेळांत चित्रं बारीक तपशिलात दाखवायची म्हटली की ८ जीबीचा ओटा भरून जातो आणि खेळ अडखळायला लागतो. जीफोर्स ५०६० ला ८ जीबीच मेमरी आहे. त्यामुळे १६ जीबीचं रेडिऑन हवं, हा मुलाचा हट्ट बिनबुडाचा नव्हता. शिवाय नुसत्या वेगातही रेडिऑन बहुतेक खेळांत थोडं पुढेच आहे.

पण खोक्यावर नीट बघा हं! ९०६० एक्सटी हे एकच नाव ८ जीबीलाही आहे आणि १६ जीबीलाही. हिरव्या कंपनीनेही ५०६० टीआय या मोठ्या कार्डात हाच प्रकार केलाय. दोन वेगळ्या मालांना एकच नाव द्यायचं, ही मला तरी गिऱ्हाइकाची फसगत वाटते. डाळीच्या दुकानात आपण हे चालवून घेतलं असतं का?

दुसरी मेख जाहिरातीतल्या आकड्यांची. सेकंदाला किती चित्रं, यावर सगळी टिमकी वाजवली जाते. हल्ली कार्ड काही चित्रं खरी काढतं आणि मधली अंदाजाने भरतं. नव्या जीफोर्समध्ये तर एका खऱ्या चित्रामागे तीन अंदाजाची घालता येतात. २०२५ च्या जानेवारीत जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं नवं कार्ड जुन्या सर्वांत महागड्या कार्डाच्या तोडीचं असल्याचं सांगितलं, तेही याच हिशेबाने. आमटी पातळ करून पंगत निभावावी तसंच हे. मूळ आमटी दाट असेल तर चालून जातं, ती आधीच पांचट असेल तर काय उपयोग? लहान चित्र काढून सफाईने मोठं करण्याची युक्ती मात्र खरंच कामाची आहे. तिला एनव्हिडिया डीएलएसएस म्हणते आणि ती जास्त खेळांत मिळते. एएमडीची एफएसआर ही तशीच युक्ती मागे होती, तिची चौथी आवृत्ती २०२५ मध्ये आली तेव्हापासून बरीच सुधारली आहे.

विजेचं काय, हे मी मुद्दाम पाहिलं, कारण वहिनींच्या यजमानांनी "बिल किती येईल" असा घोशा लावला होता. कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे जीफोर्स १४५ वॉटचं, रेडिऑन १६ जीबी १६० वॉटचं. रोज चार तास पूर्ण जोराने चाललं तरी दोघांतला फरक महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाही. त्याच्यावर वाद घालू नये.

इथपर्यंत सगळा कौल लाल कार्डाकडे जातोय, नाही का? मीही त्याच मताची झाले होते. मग वहिनींच्या घरी गेले, आणि तिथे एक गोष्ट कुणीच बोललं नव्हतं ती कळली. त्या कॉम्प्युटरवर त्यांची मुलगीही बसते. पदवीसोबत अ‍ॅनिमेशनचा कोर्स करते, ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. त्याच ब्लेंडरवर केलेल्या 'फ्लो' या लॅटव्हियाच्या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा ही काही फावल्या वेळची करमणूक नव्हे. दहा सेकंदांचं दृश्य तयार व्हायला तिला रात्रभर मशीन चालू ठेवावं लागतं, आणि भाऊ गेम खेळायला ते मध्येच बंद करतो! कार्डाची चर्चा महिनाभर घरात चालली होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

आणि इथेच पारडं फिरतं. एनव्हिडियाने २००७ मध्ये कुडा नावाची सोय बाजारात आणली. तिच्यामुळे कार्डाकडून खेळाशिवायची जड कामंही करून घेता येतात. पुढे चित्रपट, अ‍ॅनिमेशन, एआय या सगळ्या क्षेत्रांतली सॉफ्टवेअरं तिच्याभोवतीच वाढली. ब्लेंडरमध्ये रेडिऑनही चालतं, पण त्याच पट्टीतलं जीफोर्स हे काम बऱ्याच कमी वेळात उरकतं. म्हणजे खेळासाठी लाल आणि मुलीच्या शिक्षणासाठी हिरवं! १६ जीबीचं ५०६० टीआय घेतलं असतं तर दोघांचंही भागलं असतं, पण त्याची अमेरिकेतलीच सुरुवातीची किंमत ४२९ डॉलर, ते गटाच्या कर्जात बसत नव्हतं.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. जीफोर्स घ्या. मुलगा चिडला. "काकू, दोन वर्षांत ८ जीबी जुनं होईल," म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. पण त्यांच्या घरचा पडदा जुना, सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. त्याहून जास्त चित्रं कार्डाने काढली तरी ती दिसणार कुठे? आणि मेमरी कमी पडली तर खेळातल्या सेटिंगमध्ये तपशील एक पायरी खाली आणता येतो. लांबची झाडं जराशी धूसर दिसतील, इतकंच. मुलीचं काम असं एक पायरी खाली आणता येत नाही. तिला ते परीक्षेला दाखवायचंय, उद्या नोकरीला दाखवायचंय.

आपल्या घरांत कॉम्प्युटर "मुलाचा" असतो आणि मुलगी तो "वापरते", हे मला फार खटकतं. वहिनींना मी एवढंच विचारलं, महिन्याभरात या मशीनवर कमाईच्या वाटेचं काम कोण करतं? उत्तर त्यांनाही माहीत होतं. गटाने कर्ज मंजूर केलं, दहा हप्त्यांत. जीफोर्स आलं आणि बिलावर मुलीचं नाव घातलं. मुलगा आठ दिवस धुसफुसला. आता रात्री अकरानंतर मशीन तिचं, असं ठरलंय.

हां, पण तुमच्या घरात हे काम कुणी करत नसेल आणि फक्त खेळासाठीच कार्ड हवं असेल, तर डोळे झाकून हिरवं घेऊ नका. "सगळे तेच नेतात" हे दुकानदाराचं वाक्य आपण साडीच्या दुकानातही ऐकतो! तिथे १६ जीबीचं रेडिऑनच मला जास्त सरस वाटतं. आणि पोरगं व्हॅलोरंटसारखा हलका खेळ खेळत असेल तर आधी आहे त्याच मशीनवर चालतो का बघा. तो खेळ वेगळ्या कार्डाशिवायही चालतो.

दुकानात जाताना शिवणकामाची टेप न्या. कार्ड चांगलं वीतभर लांब असतं, कधी त्याहूनही मोठं. जुन्या कॅबिनेटमध्ये मावेल का ते मोजूनच ठरवा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला पॉवर सप्लाय असेल तर त्याची क्षमता आणि कंपनी विचारा. हलका निघाला तर तो बदलायचे पैसे त्याच बजेटात धरा. खोक्यावर असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशी नावं दिसतील, त्याने गोंधळू नका. मुख्य चिप एनव्हिडिया नाहीतर एएमडीची, कार्ड बांधणाऱ्या कंपन्या या. वॉरंटी त्यांचीच असते, बहुधा तीन वर्षांची. तेव्हा पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर हजार रुपये वाचवायच्या भानगडीत पडू नका.

जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून कुणी सांगितलं तर जरा थांबा. २०२१ च्या सुमारास आभासी चलन 'काढायला' हजारो कार्डं रात्रंदिवस राबवली गेली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमने ती पद्धत बंद केल्यावर तीच कार्डं पुसूनपासून बाजारात आली. अजूनही ती हातोहाती फिरतात. समोर तासभर खेळ चालवून दाखवा म्हणायचं, पंख्याचा आवाज ऐकायचा, मूळ बिल मागायचं. आणि नव्याचा भाव ज्या दिवशी घ्यायचं त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारायचा. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या मोठाल्या केंद्रांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमपासून कार्डांपर्यंत भाव वर गेले. वहिनींना पहिल्यांदा सांगितलेला भाव आणि प्रत्यक्ष घेतानाचा भाव यांत अठराशे रुपयांचा फरक पडला. ते त्यांनी दळणाच्या डब्यातून काढून दिले.