टाके चार, दाब पंधरा

पित्ताशयात खडे निघाले की घरातला पहिला प्रश्न असतो, दुर्बिणीतून होईल ना? होईल म्हटले की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतात पहिल्यांदा या पद्धतीने पित्ताशय काढले. तेव्हापासून असंख्य रुग्णांचे हाल वाचले, याबद्दल वाद नाही. पण ऑपरेशनचा मोठेपणा आपण टाक्यांवरून मोजू लागलो, ही मात्र गफलत झाली. शिरांना टाक्यांशी देणेघेणे नसते, त्यांना दाब कळतो.

हत्यारे फिरवायला जागा मिळावी म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि दाब साधारण १२ ते १५ मिमी पाऱ्याएवढा ठेवतात. १२०च्या रक्तदाबापुढे हा आकडा चिल्लर वाटतो, आणि धमनीच्या दृष्टीने तो चिल्लरच आहे. शिरेचा हिशेब वेगळा. आडव्या पडलेल्या माणसाच्या मांडीतल्या शिरेत जेमतेम ५ ते १० इतका दाब असतो आणि तिची भिंतही पातळ. त्यामुळे पोटातली महाशीर चेपली जाते, पायांकडून वर निघालेले रक्त जांघेशी तुंबते, तिथली शीर फुगते आणि प्रवाह मंदावतो. पित्ताशयासाठी टेबल डोक्याकडून वर उचलतात, म्हणजे या रक्तापुढे आणखी चढ. (ओटीपोटाच्या ऑपरेशनात डोके खाली असते, तिथे निदान उतार मिळतो.) एरवी चालताना रक्त वर ढकलणारी पोटरी भुलेखाली निपचित असते. साचलेले रक्त, दुखावलेली शीर आणि गोठण्याकडे झुकलेले रक्त ही गुठळीची तीन कारणे वैद्यकात रुडॉल्फ विर्चोच्या नावाने शिकवतात. त्यातले पहिले इथे टेबलावरच हजर होते.

मग रुग्णालये गुठळ्यांच्या रुग्णांनी भरायला हवी होती, असे सर्जन म्हणतील. त्यांचे म्हणणे खरे आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर लक्षणे दाखवणारी गुठळी शंभरात एकालाही होत नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा हे प्रमाण कमीच. पण याचे बरेचसे श्रेय रुग्ण लवकर उठून चालू लागतो याला आहे. टेबलावर तुंबलेले वॉर्डात मोकळे होते. शिवाय तासाभरात उरकणारे पित्ताशय आणि तीन-चार तास चालणारे आतड्याच्या कर्करोगाचे ऑपरेशन, दोघांनाही आपण ‘दुर्बिणीचे’ म्हणतो. अतिलठ्ठ, पूर्वी गुठळी झालेला किंवा ऑपरेशननंतर लगेच उठूच न शकणारा रुग्ण सरासरीच्या भरवशावर सोडता येत नाही.

सरसकट सगळ्यांना गुठळी रोखणारे हेपॅरिन टोचा, असे माझे म्हणणे नाही. त्याने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ते जोखीम पाहूनच द्यावे. पायांना गुंडाळून आळीपाळीने फुगणाऱ्या पट्ट्या पोटरीचे काम बऱ्याच अंशी करतात, लांबणाऱ्या ऑपरेशनात त्या हव्यातच. दाबाबद्दल मात्र माझा आग्रह आहे: काम नीट दिसेल इतकाच, त्यावर एक मिलिमीटर नको. दाब उतरवला की जागा आकसते आणि इजा होण्याचा धोका वाढतो, ही हरकत रास्त आहे. अवघड क्षणी तो जरूर वाढवावा. पण सवयीने १५ वर लावून शेवटपर्यंत तसेच ठेवणे याला ती हरकत लागू पडत नाही. डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते लिहिलेले असते. पोट किती दाबाने, किती वेळ फुगवले होते, हे लिहायला त्याच्या खाली एक ओळ पुरेल.